बारापात्रे काकू आणि पनागरचा मटार

बारापात्रे काकूंना कुजबुजता येत नसे. कुणाला पोहता येत नाही, कुणाला शीळ घालता येत नाही, तसं त्यांचं ते होतं. "हे बघ प्रमोद, कोणाले सांगजो नको," असं म्हणून त्यांनी मला सांगितलेली गोष्ट समोरच्या पानवाल्याला माझ्याबरोबरच कळलेली असे. तो बिचारा मान खाली घालून पानाला कात लावत राहायचा आणि आपण काही ऐकलंच नाही असं दाखवायचा. माणूस सभ्य होता.

जबलपूरला रांझी भागात आम्ही भाड्यानं राहत होतो आणि आमच्या अगदी समोर काकूंचं घर होतं. पुढच्या खोलीत त्यांचं औषधांचं दुकान. दुकानाला रीतसर नाव होतं, पण पाटीवरचा रंग उडाल्यापासून ते कुणाला आठवत नव्हतं. सगळी रांझी 'चाची का मेडिकल' म्हणे आणि आम्ही चार मराठी घरं 'काकूंकडे' म्हणत असू. काकू मूळच्या नागपूरच्या, फार्मसीचा डिप्लोमा घेऊन लग्न करून इकडे आलेल्या. काका जवळच्याच सरकारी फॅक्टरीत होते. दुकान अगदी रस्त्याला लागून. शिफ्ट सुटली की सायकली, मोटरसायकली आणि बसचे भोंगे यांचा लोंढा दारावरून वाहायचा. त्या गोंगाटात गिऱ्हाइकाला ऐकू जावं म्हणून काकूंनी जो आवाज चढवला, तो रविवारीसुद्धा खाली यायचा विसरून गेला होता.

साध्या साडीवर पांढरा कोट, कोटाच्या खिशाला दोरीनं बांधलेली कात्री, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्या कात्रीनं त्या गोळ्यांची पट्टी कापत, पण कापून झाली की लगेच देत मात्र नसत. पट्टी एका टोकाला स्वतः धरून ठेवायच्या, दुसरं टोक गिऱ्हाइकाच्या हातात. मग औषध कसं घ्यायचं ते सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, "हं, आता तुम्ही सांगा." गिऱ्हाइकानं सगळं पाठ म्हणून दाखवल्याशिवाय त्या आपलं टोक सोडत नसत. फॅक्टरीतले मिशीवाले फोरमन, शाळेचे मुख्याध्यापक, कुणालाही सूट नव्हती. "खाने के बाद, दिन में दो बार, पूरी पट्टी खतम करनी है, बीच में नहीं छोड़नी," असं ते मुख्याध्यापक खाली मान घालून म्हणत आणि मागे रांगेत त्यांचेच विद्यार्थी उभे असत. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे एक गंमत झाली होती. रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना सगळ्यांच्या औषधांची माहिती पाठ होती. आमच्या गल्लीत कुणाला मूळव्याध आहे हे काही गुपित नव्हतं आणि त्याला लाल मिरची वर्ज्य आहे हेही लग्नाच्या पंगतीत वाढपी विसरत नसत.

खोकला, ताप, मूळव्याध इथपर्यंत लोकांनी हे सोसलं. पंचाईत झाली ती 'ती' गोळी बाजारात आल्यावर.

ती म्हणजे कोणती, हे वेगळं सांगायला नको. पुरुषमाणसाला एका विशिष्ट कामी जोर कमी पडू लागला तर डॉक्टर देतात ती. तिचं नाव कुणी घेत नसे. कुणी 'वो वाली' म्हणायचं, कुणी 'ताकत की', कुणी नुसतंच फळीकडे बोट दाखवून आभाळाकडे बघायचं. आणि नव्याण्णव टक्के लोकांना ती मित्रासाठी हवी असायची.

मी नोकरीला सिविल लाइंसच्या एका सरकारी कचेरीत. एका संध्याकाळी मी काकूंकडे खोकल्याच्या औषधासाठी उभा असताना दाराशी एक पांढरी गाडी थांबली आणि आमचे मोठे साहेब उतरले. साहेब सिविल लाइंसच्या बंगल्यात राहत. रांझीत आपल्याला कोण ओळखतंय, अशा हिशेबानं ते इतक्या लांब आले होते. मी चटकन खोक्यांच्या ढिगामागे सरकलो.

"वो... एक दोस्त के लिए," साहेब म्हणाले.

"पर्चा?" काकूंनी डॉक्टरची चिठ्ठी मागितली. रस्त्यावरच्या दोन सायकली थांबल्या.

"पर्चा तो दोस्त के पास रह गया."

"दोस्त की उमर?"

"यही कोई सत्तावन."

"शुगर है दोस्त को? बी.पी.? सीने में दर्द होता है क्या, जीभ के नीचे रखने वाली कोई गोली चलती है? चलती होगी तो ये बिल्कुल नहीं चलेगी, बी.पी. एकदम गिरेगा, जान से जाएगा दोस्त! पेशाब की तकलीफ की कोई दवा?"

"नहीं जी, मेरे को ऐसा कुछ नहीं है," साहेब बोलून गेले.

पानवाला कात लावत राहिला. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या कधीच हसत नसत अशा वेळी, हे मी छातीठोकपणे सांगेन. त्या म्हणाल्या, "तो भैया, दोस्त से कहना, इसमें शरम की बात नहीं. लेकिन पहले डॉक्टर को दिखाए. कभी-कभी दिल की बीमारी की पहली खबर यहीं से आती है, शुगर की भी. जाँच पहले, गोली बाद में." आवाज मात्र असा, की ही मायेची गोष्ट बस थांब्यावरही पोचली. साहेब मागे वळले आणि खोक्यांच्या मागे त्यांना मी दिसलो. दुसऱ्या दिवशी कचेरीत माझा महिनाभर अडकलेला रजेचा अर्ज माझ्याकडे न बघता मंजूर झाला.

पण लोकांना हे परवडण्यासारखं नव्हतं. हळूहळू रांझीच्या पुरुषांनी एक वाट शोधून काढली. पनागरची. पनागर म्हणजे इथून जवळचंच छोटं गाव, शेतीचं, भाजीपाल्याचं. तिथल्या बाजारात एक औषधवाला होता. तो चिठ्ठी मागत नसे, वय विचारत नसे, मान वर करून तोंडही बघत नसे. कागदात पुडी बांधायची आणि सरकवायची. आता पनागरला कशाला गेलो होतो, हे घरी काय सांगणार? तर भाजी आणायला. हिवाळ्यात पनागरकडे मटार फार सुंदर येतो. त्यामुळे माणूस सकाळी बसनं जायचा आणि दुपारी मटाराची पिशवी घेऊन परतायचा. बसमध्ये एकाच आळीचे तिघे-चौघे भेटले की सगळे खिडकीबाहेर बघत आणि हवापाण्याच्या गप्पा मारत. प्रत्येकाच्या पायाशी मटार. त्या हिवाळ्यात रांझीतल्या बायका मटार सोलून सोलून कंटाळल्या. मटाराची उसळ, मटाराचे पराठे, मटाराची कचोरी, मटार वाटून केलेला रस्सा म्हणजे निमोना. सिविल लाइंसचे लोक रांझीला यायचे, रांझीचे पनागरला जायचे. पनागरचे कुठे जात असतील देव जाणे, बहुतेक सिविल लाइंसला.

यात माझ्यासारख्या निष्पाप माणसाचा बळी गेला. कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या शेतावर मी गेलो होतो. त्यानं प्रेमानं पिशवीभर शेंगा बांधून दिल्या. घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली. नीतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अच्छा?" एवढंच. मी आठवडाभर खुलासे देत होतो आणि जितके खुलासे देत होतो तितकी ती समजूतदारपणे मान हलवत होती. तिचा विश्वास अजूनही पूर्ण बसलेला नाही.

काकूंना हे सगळं कळत होतं. न कळायला काय झालं? दारावरून मटार जाताना दिसतच होता. त्यांना राग धंदा बुडाला म्हणून नव्हता. त्यांना भीती वाटत होती. आणि ती खोटी नव्हती. सकाळी फिरायला जाणाऱ्या रिटायर मंडळींचा एक कंपू होता. त्यांच्यात पनागरहून आणलेली एक पट्टी सुपारीसारखी हातोहात फिरायची. त्यातल्या रघुवीरभैयांना लघवीच्या त्रासासाठी रोजची एक गोळी होती, काकूंकडूनच जायची. त्यांनी एका लग्नाच्या दिवशी मित्राची ही गोळी घेतली. वर पोटभर पुरी-कचोरी खाल्ली. बराच वेळ काही जाणवेना, म्हणून दुसरी घेतली. त्यावर तंबूमागे जाऊन थोडी दारू. मग वरपक्षाला हार घालायला म्हणून खुर्चीवरून झटक्यात उठले आणि रक्तदाब उतरून जे खाली आले ते थेट दहीवड्याच्या परातीत. भुवईवर टाके पडले, दात वाचले. लोक हसले. काकू दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेल्या आणि त्यांनी पलंगाशी उभं राहून रघुवीरभैयांकडून पाठ म्हणून घेतलं: दुसऱ्याची गोळी घ्यायची नाही, एक घेतल्यावर दुसरी घ्यायची नाही, दारूवर घ्यायची नाही, आणि चालू असलेलं एकेक औषध डॉक्टरला सांगितल्याशिवाय तर या गोळीला हातच लावायचा नाही. रघुवीरभैयांच्या सुना स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या.

त्या संध्याकाळी काकू आमच्या ओसरीवर येऊन बसल्या. जरा थकल्यासारख्या वाटल्या.

"प्रमोद, मले एक सांग. काहून जातात रे हे लोक पनागरला? मी पर्चा असला तर देतच ना?"

मी धीर केला. "काकू, तुम्ही फार मोठ्यानं विचारता."

"मंग काय न विचारता देऊ? तो पनागरवाला देते तसं?"

"विचारा हो. पण हळू विचारा."

"मी हळूच तर बोलून राहिली!" काकू म्हणाल्या.

"नहीं चाची!" रस्त्यापलीकडून पानवाला ओरडला.

काकूंनी वळून रस्त्यापलीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पानवाल्यानं आपण ऐकतो हे प्रथमच कबूल केलं होतं.

आता काकांबद्दल सांगायला हवं. बारापात्रे काका अगदी मितभाषी. त्या घरातला आवाजाचा सगळा वाटा काकूंनीच संपवल्यामुळे त्यांच्यासाठी काही उरला नसावा. रिटायर व्हायच्या सुमारास त्यांना हृदयाचा झटका येऊन गेला होता. तेव्हापासून रोज सकाळी एक गोळी आणि सदऱ्याच्या खिशात एक चिमुकली बाटली, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची. सदरा बदलला की बाटली बदललेल्या सदऱ्यात गेली की नाही हे काकू स्वतः चाचपून बघत. सकाळची गोळी तर त्या स्वतःच्या हातानं काकांच्या तळहातावर ठेवत. बाकी दिवसभर काका दुकानाबाहेरच्या बाकावर बसून पेपर वाचत आणि आतून येणारा आवाज ऐकत. ऐकत नव्हते म्हणा, पण कानावर पडायचा. 'जीभ के नीचे वाली गोली चलती है क्या? तो ये नहीं चलेगी!' हे वाक्य त्यांच्या कानांवरून इतक्या वेळा गेलं असेल, की झोपेत म्हणून दाखवलं असतं.

जानेवारीतला रविवार होता. मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला फेस होता आणि समोरून काकूंची हाक आली, "प्रमोद!" त्यांच्या हाकेची सवय होती, पण ही हाक वेगळी होती. मी तसाच धावलो.

काका पलंगावर बसले होते, हात छातीवर, कपाळावर घाम. काकूंनी बाटली उघडली होती, गोळी बोटांत धरून त्या काकांच्या ओठांशी नेत होत्या. आणि काका तोंड उघडत नव्हते. ओठ गच्च मिटून लहान पोरासारखी मान हलवत होते, नाही, नाही.

"तोंड उघडा! अहो, जिभेखाली ठेवायची हाये! काहून नाही उघडत?" काकू म्हणत होत्या. "प्रमोद, यांना सांग ना रे!"

मी सांगितलं. काकांनी मला हातानंच गप्प केलं. त्यांच्या डोळ्यांत दुखण्यापेक्षा काहीतरी वेगळंच होतं. ती शरम होती, हे मला तेव्हा कळलं नाही. मी घाबरलो होतो. माणूस डोळ्यांदेखत जातोय आणि औषध घेत नाहीये, याला काय करायचं?

काकूंनी हताश होऊन इकडंतिकडं पाहिलं. उघड्या दारातून स्वयंपाकघराचा ओटा दिसत होता. ओट्यावर एक कापडी पिशवी होती, अर्धी उघडी. त्यातून मटाराच्या हिरव्यागार शेंगा डोकावत होत्या. आदल्या दिवशी काका "बँकेत जाऊन येतो" म्हणून गेले होते आणि येताना स्वस्त मिळाला म्हणून मटार घेऊन आले होते. काकूंच्या मनात तेव्हा काहीच आलं नव्हतं. स्वतःच्या घरात कोण शंका घेतं?

काकू पिशवीकडे बघत राहिल्या. मग त्या खाली वाकल्या, काकांच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी विचारलं.

मी पलंगाच्या पायथ्याशी, हातभर अंतरावर उभा होतो. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

काकांनी डोळे मिटले आणि मान हलवली. हो.

काकूंनी बोटांतली गोळी बाटलीत परत टाकली, झाकण लावलं. "गाडी बघ," मला म्हणाल्या. पानवाल्याच्या भावाची व्हॅन होती. आम्ही काकांना दवाखान्यात नेलं; वाटभर काकू काकांच्या तोंडाशी कान लावून बसल्या होत्या. तिथला तरुण डॉक्टर छातीत दुखतंय म्हटल्यावर नेहमीचं औषध द्यायच्या तयारीला लागला. काकूंनी त्याला बाजूला घेतलं. कोणती गोळी, किती ताकदीची, कधी घेतली, सगळं सांगितलं असणार, पण इतक्या हळू की डॉक्टरला दोनदा वाकावं लागलं. त्याचा चेहरा बदलला. त्यानं वळून नर्सला सांगितलं, ते नको, दुसरं आणा. मग पडदा ओढला गेला.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. काकूंच्या मांडीवर काकांचा सदरा होता. त्या त्याचा खिसा चाचपत होत्या, बाटली आहे ना बघत होत्या. जी बाटली त्या दिवशी काही कामाची नव्हती. मला त्यांच्याकडे बघवेना. माझ्या गालावरचा फेस तोवर वाळून कडक झाला होता आणि येणारी-जाणारी माणसं काकूंऐवजी माझ्याकडेच काळजीनं बघत होती.

काका वाचले. काही दिवसांनी घरी आले. त्या दुपारी मी नीतानं दिलेला डबा घेऊन गेलो तेव्हा नवराबायको समोरासमोर बसले होते आणि खटला चालू होता. मी उठू लागलो तर काकांनीच बसवून घेतलं. त्यांना बहुधा साक्षीदार हवा होता.

झालं होतं असं. पनागरला जायचं काकांनी आठवडाभर आधीच ठरवलं होतं. पण काका काही अडाणी नव्हते. त्यांना बायकोचं वाक्य पाठ होतं: हृदयाची गोळी चालू असेल तर ही चालत नाही. म्हणून त्यांनी उपाय काढला. हृदयाचीच बंद केली. काकू रोज सकाळी तळहातावर ठेवत ती गोळी गालात दाबून ते अंगणात जात आणि मोगऱ्याच्या कुंडीत टाकून येत. पाच-सहा दिवस असं पथ्य पाळून मग शनिवारी त्यांनी पनागरच्या बाजारातून ही दुसरी आणली आणि त्याच रात्री घेतली. मोगऱ्याचं काय झालं माहीत नाही. काकांची छाती मात्र त्या रविवारी सकाळी दुखायला लागली.

"तूच तर रोज ओरडते, दोन्ही एकत्र नको," काका म्हणाले. "मी म्हटलं ठीक हाये, एक सोडून देऊ."

"असं सांगितलं होतं मी? मनानं औषध सोडायचं नाही, हे कोण सांगते रोज?"

"तू पूर्ण सांगितलं होतं. मी अर्धं घेतलं," काकांनी कबूल केलं. "पण तोंड तर नाही उघडलं ना त्या दिवशी? तुझंच वाक्य आठवलं. म्हटलं, आता ती जिभेखालची ठेवली तर तू म्हणते तसा जाईन."

काकू जरा पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "अहो, पण घरात दुकान असून पनागरला काहून गेले? मले नसतं सांगता आलं?"

काकांनी वर पाहिलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "कसं सांगू? काउंटरच्या बाहेर उभा राहून सांगू का आत येऊन सांगू? आत आलो तर नवरा, बाहेर राहिलो तर गिऱ्हाईक. आणि दोन्हीकडून पानवाल्याले ऐकू जाते."

काकू रडल्या. आवाज न करता रडल्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. सगळ्या रांझीचा जीव त्यांनी ओरडून ओरडून सांभाळला आणि त्याच आवाजाला भिऊन घरचा माणूस बसनं पनागरला गेला. यात चूक कुणाची म्हणायची? काकांनी आपल्या हातानं त्यांचे डोळे पुसले, आणि मी डबा ठेवून निघालो.

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी पुढे दोघांना समोर बसवून समजावलं, एवढं मला कळलं. ही गोळी काकांसाठी नाही, निदान ती हृदयाची औषधं चालू आहेत तोवर तर नाहीच. औषधांत फेरफार करायचा तो डॉक्टर करतील, कुंडी नाही. आणि ही तक्रार सुरू झाली तेव्हाच येऊन सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कारण इतरही मार्ग असतात. त्यातला कोणता मार्ग ठरला ते मला माहीत नाही. ते काकू मोठ्यानं बोलल्या नाहीत.

दुकानात मात्र बदल झाला. काकूंनी फ्रिजच्या मागे एक स्टूल टाकलं, पुढे जुन्या साडीचा पडदा. अशा गिऱ्हाइकाला तिथं बसवायचं. कुजबुजायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला, घरी काकांवर सरावही केला. पण तो एक रविवार सोडला तर ती विद्या त्यांना पुन्हा वश झाली नाही. मग त्यांनी रेडिओ आणला. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की रेडिओ पूर्ण आवाजात आणि त्या आवाजाखाली काकूंचे प्रश्न. बेत उत्तम होता. फक्त आठवड्याभरात सगळ्या रांझीला कळून चुकलं, की चाचीचा रेडिओ वाजायला लागला म्हणजे आत कुणीतरी 'त्या'साठी बसलं आहे. पोरं नाक्यावर उभी राहून बाहेर कोण येतं ते बघू लागली. काकूंना हे पानवाल्यानं सांगितलं. तेव्हापासून रेडिओ सकाळी दुकान उघडताना सुरू व्हायचा तो बंद करतानाच थांबायचा. बातम्या, शेतीविषयक सल्ला, भजनं, सगळं पूर्ण आवाजात. आता खोकल्याचं औषध मागणाऱ्यालाही बोंबलावं लागे. पण स्टुलावर माणसं बसू लागली. चिठ्ठी घेऊन येऊ लागली, नसेल तर डॉक्टरकडे जाऊ लागली. एकदा तर फ्रिजमागून आमचे मोठे साहेब बाहेर पडले. या वेळी त्यांनी मला नमस्कार केला. मटाराचं प्रमाण पुढच्या हिवाळ्यात एकदम खाली आलं आणि नीता म्हणाली, "चलो, आता गाजर मिळेल."

पुढे मी रिटायर झालो. मुलानं पुण्याला बोलावलं. सामान गेलं, घर रिकामं झालं आणि निघायच्या दिवशी मी काकूंकडे गेलो. निरोप घ्यायचा होता आणि माझी रक्तदाबाची गोळीही घ्यायची होती. काका बाहेरच्या बाकावर मटार सोलत बसले होते. हा काकूंनी स्वतः बाजारातून आणलेला, निर्दोष मटार होता. काकांनी हातानं खूण केली, थांब, आत माणूस आहे. मी थांबलो. पडदा सरकला, एक तरुण नवरा-बायको बाहेर पडले आणि शांतपणे स्कूटरवर बसून निघून गेले.

काकूंनी माझी पट्टी कापली. केस पिकले होते, कात्रीची दोरी नवी होती. पट्टीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं धरून ठेवलं आणि माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही. रेडिओवर कुणीतरी गव्हाला पाणी कधी द्यावं ते सांगत होतं. काकूंनी पुन्हा तेच विचारलं. ओठ हलले, टोक सोडलं नाही.

काय विचारत असणार ते मला ठाऊक होतं. इतक्या वर्षांचा मी गिऱ्हाईक. मी सरळ उभा राहिलो आणि पाठ म्हटलं, "रोज सकाळी एक. मनानं सोडायची नाही. दुसऱ्याला द्यायची नाही, दुसऱ्याची घ्यायची नाही. आणि डॉक्टरपासून काही लपवायचं नाही."

काकूंनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि टोक सोडलं. मी वाकून नमस्कार केला आणि बाहेर आलो.

काका बाकावरून दारातून काकूंच्या ओठांकडे बघत हसत होते. "अरे प्रमोद, ती गोळीचं नाही विचारून राहिली होती," ते म्हणाले. "परत कधी येशील म्हणते."

मी मागे वळून पाहिलं. पडद्याशी कुणीतरी अवघडून उभं होतं. काकूंनी रेडिओचं बटण आणखी थोडं फिरवलं आणि त्या माणसाच्या कानाशी वाकल्या.